पेटी, कॅसिओ आणि आता सिंथेसायझर

मराठी मध्यमवर्गीय घरात वाद्य येते ते बहुधा क्लासच्या निमित्ताने. पूर्वी पेटी आणि तबल्याची जोडी येई. पुढे तिच्या शेजारी ‘कॅसिओ’ येऊन बसला, आणि कंपनी कोणतीही असो, विजेवर वाजणाऱ्या प्रत्येक पट्ट्यांच्या वाद्याला आपण कॅसिओच म्हणू लागलो. आता त्याच घरातला वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी कानाला हेडफोन लावून लॅपटॉपवर गाणी तयार करते आणि एक दिवस घरात मागणी ठेवते, ‘मला सिंथेसायझर घ्यायचाय.’ किंमत ऐकल्यावर वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘अगं, हे सगळं तुझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं ना? मग वेगळं यंत्र कशाला?’

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. घरी बसून संगीत तयार करणारी जगभरची मंडळी आज याच प्रश्नाशी झगडत आहेत.

कॅसिओ आणि सिंथेसायझर दिसायला सारखे असले तरी त्यांत फरक आहे. घरातल्या साध्या कीबोर्डमध्ये बासरी, व्हायोलिन, ताल असे तयार आवाज भरलेले असतात. सिंथेसायझर आवाज घडवायला देतो. त्यातला ऑसिलेटर मूळ कंपन निर्माण करतो, फिल्टर त्यातला नको तो भाग गाळतो, आणि स्वर कसा उमटावा, किती टिकावा, कसा विरावा हे वाजवणारा गोल बटणे फिरवून ठरवतो.

स्वस्ताई कशी आली?

रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने १९६४ मध्ये तयार केलेले यंत्र एखाद्या कपाटासारखे होते. भारतात ते लवकर पोहोचले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूगचा संच बसवण्यात आला आणि त्यावर इथल्या मंडळींनी प्रयोग केले. मात्र हे वैभव संस्थांना परवडणारे. १९७० मध्ये आलेल्या ‘मिनीमूग’ने यंत्र काखोटीला मारून नेण्याजोगे केले. १९८३ हे वर्ष तर दुहेरी महत्त्वाचे. त्या वर्षी यामाहाचा ‘डीएक्स-७’ आला आणि त्याचे दीड लाखांहून अधिक नग खपले. त्याच वर्षी ‘मिडी’ ही सर्व कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलू देणारी सामाईक भाषाही प्रत्यक्षात आली. त्यासाठी पुढाकार घेणारे इकुतारो काकेहाशी आणि डेव्ह स्मिथ यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

त्यानंतर संगणकाने डाव उलटवला. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने ‘व्हीएसटी’ ही पद्धत आणली आणि काही वर्षांतच अख्खी वाद्ये सॉफ्टवेअरच्या रूपाने संगणकात उतरली. आज ‘सर्ज’सारखा सिंथेसायझर पूर्ण मोफत आहे आणि २०२० मध्ये आलेल्या ‘व्हायटल’ची मोफत आवृत्तीही भरपूर काम देते. रोलँड कंपनी तर आपल्याच जुन्या ‘ज्युपिटर-८’ची सॉफ्टवेअर आवृत्ती विकते. शिवाय दुकानात मिळणाऱ्या अनेक महागड्या यंत्रांच्या पोटातही संगणकाचीच चिप असते. म्हणजे पुष्कळदा आपण सॉफ्टवेअरच विकत घेत असतो, फक्त बटणे लावलेल्या पेटीत!

आणि तरीही यंत्रे संपली नाहीत. मिनीमूगचे उत्पादन २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सुरू झाले. डेव्ह स्मिथ यांनी आपला १९७८ चा ‘प्रॉफेट-५’ २०२० मध्ये पुन्हा बाजारात आणला. कॉर्ग, आर्टुरिया, बेहरिंगर या कंपन्यांनी तुलनेने स्वस्त यंत्रांची रांग लावली. अर्थात हा धंदा सुखाचा नाही. खुद्द मूग कंपनी २०२३ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. पण मागणी आहे, हे खरे.

मुंबईची एक गोष्ट

या मागणीत शहाणपण किती आणि मोह किती, हे समजून घ्यायला मुंबईतच घडलेली एक गोष्ट उपयोगी पडेल.

चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे वाजवणारे वादक. त्यांनी रोलँडची तीन यंत्रे मिळवली : ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातले ‘३०३’ गिटारवादकाला घरी सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून काढलेले. त्या कामात ते सपशेल नापास झाले आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंदही केले. पण त्यात एक सोय होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. सिंग यांनी ती सोय हेरली, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बसवले आणि १९८२ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. ती चालली नाही. पुढे शिकागोतल्या तरुणांनी जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या याच ‘३०३’वर १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ केला, आणि २०१० मध्ये सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा हे मुंबईत पाच वर्षे आधीच वाजून गेले होते, हे पाहून जग चकित झाले. सिंग २०१५ मध्ये निवर्तले.

या गोष्टीतून यंत्र घ्या असाही निष्कर्ष निघतो आणि घेऊ नका असाही. सिंग यांच्याकडे यंत्रे होती म्हणून ते घडले, हे उघड आहे. पण तीच यंत्रे जगात हजारो लोकांकडे होती. मींड म्हणजे काय हे ज्याच्या बोटांना आधीच ठाऊक होते, त्यालाच ‘३०३’च्या त्या घसरणीत राग दिसला.

मग घ्यावा की नाही?

आवाज चांगला यावा म्हणून घ्यायचा असेल, तर घेऊ नये. तयार गाणे लोक मोबाइलवर, साध्या इअरफोनवर ऐकतात. तिथे यंत्र कोणते आणि सॉफ्टवेअर कोणते, हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. गाणी पूर्ण होत नाहीत म्हणून घ्यायचा असेल, तरीही घेऊ नये. अर्धवट गाण्यांचे कारण क्वचितच वाद्याच्या अभावात असते.

घेण्याचे सबळ कारण एकच, हाताने वाजवण्याची ओढ. संगणकात हजारो आवाज असतात, आणि त्यातला एक निवडण्यातच संध्याकाळ सरते. एका यंत्रावर मोजकी बटणे असतात, प्रत्येक बटणाचे काम ठरलेले असते आणि सहा महिन्यांत ते बोटांना पाठ होते. पेटीवर जसा रियाज होतो, तसा यावरही होऊ शकतो. ज्याला तो करायचा आहे, त्याच्यासाठी हा खर्च वाया जाणार नाही.

टिकाऊपणाचाही विचार करायला हवा. ॲपलने २०१९ मध्ये संगणकाची नवी आवृत्ती आणली, तेव्हा ३२ बिटची सारी जुनी सॉफ्टवेअर त्यावर चालेनाशी झाली. पैसे मोजून घेतलेली वाद्ये एका रात्रीत मुकी झाली. उलट १९८३ चा डीएक्स-७ आजच्या संगणकालाही मिडीने जोडता येतो. शिवाय चांगले यंत्र काही वर्षांनी विकता येते. सॉफ्टवेअरचा परवाना विकणे इतके सोपे नसते.

पण यंत्रही खर्च मागते. ते संगणकात ध्वनिमुद्रित करायचे तर ऑडिओ इंटरफेस लागतो, केबल लागतात, ठेवायला जागा लागते, आणि दोन खोल्यांच्या घरात जागा सर्वांत महाग. परदेशातून नातेवाइकांकरवी मागवायचे असेल तर ते २३० व्होल्टवर चालते का, हे आधी पाहावे. किनारपट्टीच्या दमट हवेत बटणे खरखरू लागतात. दुरुस्ती करणारा जवळपास आहे का, याची चौकशी दुकानदाराकडे नव्हे, वापरणाऱ्यांकडे करावी.

ज्यांचे संगीत रागदारीच्या अंगाने जाते, त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पेटीच्या ठराविक बारा स्वरांत श्रुती बसत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला तीन दशके लागली. सिंथेसायझरच्या पट्ट्याही त्याच बाराच्या हिशेबाने लावलेल्या असतात. मात्र कॉर्गच्या २०१७ मधल्या ‘मोनोलॉग’सारख्या काही यंत्रांत प्रत्येक स्वर थोडा चढवता-उतरवता येतो. आपल्याला हवे ते यंत्र हे करते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

तेव्हा आईवडिलांनी ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘सहा महिने थांब’ म्हणावे. या काळात एक छोटा मिडी कीबोर्ड घ्यावा आणि एकच मोफत सॉफ्टवेअर सिंथेसायझर निवडावा. तयार आवाजांना हात न लावता शून्यातून आवाज घडवायचे, आणि दर महिन्याला एक गाणे, लहान का होईना, पूर्ण करून घरच्यांना ऐकवायचे. सहा महिन्यांनीही बोटे बटणे शोधत असतील आणि माउसने फिल्टर फिरवण्याचा कंटाळा आला असेल, तर मग एकच यंत्र घ्यावे, शक्यतो चांगल्या स्थितीतले जुने. आणि चौथ्या महिन्यात नादच सुटला, तर फारसे काही गमावलेले नसेल. मिडी कीबोर्ड तेवढा घरात राहील, आणि मोठ्या रकमेचे यंत्र धूळ खात पडले म्हणून पुढची दहा वर्षे कुणी कुणाला टोमणे मारणार नाही.