मुक्या जिवाचा पत्ता कोण सांगणार?

माणूस हरवला तर पोलीस ठाण्यात त्याची नोंद होते. लोकलच्या डब्यात पिशवी राहिली तर स्टेशनवर जाऊन चौकशी करता येते. परंतु घरची शेळी, कुत्रा किंवा मांजर हरवले, तर नेमके कोणाच्या दारात जाऊन विचारायचे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि उलट, रस्त्यावर भेदरलेले एखादे पाळीव जनावर आपल्याला सापडले, तर ते कोणाकडे नेऊन द्यायचे? या दोन्ही प्रश्नांना आपल्या गावात आज एकच उत्तर आहे, ते म्हणजे ‘बघा कोणाला तरी विचारून!’ मला या लेखात एवढेच सांगायचे आहे की, हरवलेले जनावर घरी पोचत नाही ते लोकांच्या मनात दया नसते म्हणून नव्हे. ज्याचे हरवले तो आणि ज्याला सापडले तो, या दोघांनी भेटावे असे ठिकाणच आपण ठेवलेले नाही, म्हणून ते पोचत नाही.

आता कोणी म्हणेल, ‘माणसांना राहायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, आणि या बाईसाहेबांना कुत्र्यामांजरांची पडली आहे!’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मी स्वतः कॅम्प ५ मधल्या एका बॅरेकमध्ये राहते. वडील जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर आहेत, आई घरी बसून पँटींचे धागे कापते, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा रिकामपणाचा शौक म्हणून मी हे लिहीत नाही. आमच्या वस्तीत जनावर हा शौक नसतोच. शेळी म्हणजे दुखण्याखुपण्यात मोडता येणारी ठेव. कुत्रा म्हणजे रात्रपाळीला गेलेल्या माणसाच्या दाराचा राखणदार. मांजर म्हणजे धान्याच्या डब्यांचे संरक्षण. आणि यापलीकडे, ज्या घरात मुले कामाला गेली आणि म्हातारी माणसे एकटी उरली, तेथे ते दिवसभराचे बोलायचे माणूस असते. मोठ्या घरातल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो, म्हणून तो हरवला तरी लोक त्याला ‘कोणाचा तरी’ म्हणतात. आमच्या गल्लीतला कुत्रा तेवढ्याच मायेने पोसलेला असतो. पण गळ्यात पट्टा नाही म्हणून गल्लीबाहेर पाऊल पडताच तो ‘भटका’ ठरतो.

ठिकाण नसल्याने काय होते, याचे एक उदाहरण आमच्याच ओळीतले आहे. आमच्याकडे एक आजी शेळ्या पाळतात. गेल्या वर्षी त्यांची दुभती शेळी सुटून गेली. आजींनी दोन दिवस उन्हातून पायपीट केली, भेटेल त्याला विचारले, आणि शेवटी ‘कोणीतरी कापून खाल्ली असेल’ असे म्हणून हाय खाल्ली. शेळी मात्र तीन गल्ल्या पलीकडे एका सिंधी कुटुंबाच्या अंगणात बांधलेली होती. त्या घरचे काका तिला पाला घालत होते, आणि त्यांच्या मुलाने तिचा फोटो आपल्या मोबाईलवरच्या दोन-तीन ग्रुपांवर टाकलेला होता. त्या ग्रुपांत आजी नव्हत्या, कारण आजींकडे मोबाईलच नाही. आठव्या दिवशी दोन्ही गल्ल्यांत रतीब घालणाऱ्या दूधवाल्याने हे कोडे सोडवले. आजी तेथे गेल्या तेव्हा काका म्हणाले, “मावशी, आठ दिवसांपासून विचारतोय, कोणाची आहे म्हणून!” आजी म्हणाल्या, “अहो दादा, मी पण आठ दिवस तेच विचारतेय!” दोघेही सज्जन, दोघेही खटपट करणारे, आणि तरी आठ दिवस शेळी परक्या दावणीला आणि आजी उपाशी. यात दोष कोणाचा? माझ्या मते कोणाचाच नाही. तेथे फक्त एक सर्वांना ठाऊक असलेली जागा कमी होती.

आणि ही उणीव उल्हासनगरात असावी, याचे मला अधिक वाईट वाटते. आपले शहर मुळात कोणाचे? दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीच्या बॅरेकी येथे होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे त्या बॅरेकींत राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. त्या दिवसांत रेडिओवरून ताटातूट झालेल्या नातलगांसाठी निरोप सांगितले जात. छावण्यांतून याद्या होत. हरवलेल्या माणसांना पुन्हा जोडायचे तर नाव, खूण आणि जागा लागते, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही. आजही आपण पत्ता सांगताना ‘बॅरेक नंबर अमुक, खोली नंबर तमुक’ असेच सांगतो. ज्या गावात माणसाचा पत्ता एका आकड्यावर लागतो, त्या गावात मुक्या जिवाचा पत्ता लागू नये, हे आपल्याला शोभत नाही.

‘ही सगळी परदेशी खुळे आहेत,’ असेही काही जण म्हणतात. त्यांना मी कोंडवाड्याची आठवण करून देईन. १८७१ चा गुरांबाबतचा इंग्रजी अमदानीतला कायदा काढून पाहा. कोंडवाड्यातली गुरे मालकाने सात दिवसांत सोडवून नेली नाहीत, तर रखवालदाराने पोलीस ठाण्याला कळवायचे. मग गुरे किती, त्यांचे वर्णन काय, कोठे धरली आणि कोठे कोंडली, हे लिहून नोटीस लावायची. शिवाय गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटवायची. त्यानंतरही आणखी सात दिवस कोणी आले नाही, तरच लिलाव. कोंडवाडा हा काही दयेचा कारखाना नव्हता. तो दंड वसूल करण्यासाठी होता, आणि गरीब शेतकरी त्याच्या नावाने बोटेच मोडत असे. परंतु त्यात चार गोष्टी होत्या: एक जागा, एक वर्णन, एक दवंडी आणि एक मुदत. त्या कायद्याच्या ‘गुरे’ या शब्दात हत्ती आणि उंटापासून डुकरे, मेंढ्या आणि शेळ्यांपर्यंत सगळे येत. कुत्रा-मांजर तेवढे त्यात नव्हते. दीडशे वर्षांपूर्वी सरकारने दंडासाठी जेवढी व्यवस्था केली, तेवढी आपल्याला मायेसाठी करता येऊ नये काय?

सापडलेले जनावर ठेवून घेण्याबद्दलही आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ‘मला सापडले, माझे झाले,’ असे लहान मुले गोट्यांच्या बाबतीत म्हणतात, तेच मोठी माणसे जनावराच्या बाबतीत म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. मालक कोण हे माहीत असताना, किंवा त्याचा रास्त शोध घेण्याआधीच, ती वस्तू लबाडीने आपलीशी करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. कायद्याच्या दृष्टीने जनावर ही जंगम मालमत्ता. त्याला ‘वस्तू’ म्हणणे मनाला लागते खरे. पण वस्तू म्हणून का होईना, त्याच्या मालकाचा शोध घेणे आपले कर्तव्य ठरते. सापडलेल्याच्या बाजूनेही न्याय आहे: त्याला झालेला खर्च मिळेपर्यंत ते राखून ठेवता येते. म्हणून आजींनी काकांना पाल्याचे पैसे विचारले, हे योग्यच झाले. काकांनी ते घेतले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

प्रश्न केवळ हळहळीचा नाही. ओळख पटवण्याची सोय नसली की, धरपकडीच्या वेळी पाळीव आणि बेवारस यांत फरक उरत नाही. याचा धडा आपल्या मुंबईनेच घेतलेला आहे. १८३२ साली कंपनी सरकारने रस्त्यावरचे कुत्रे मारणाऱ्यांना कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या आशेने मारेकरी लोकांच्या घरचेही कुत्रे ओढून नेऊ लागले. ६ जून रोजी पारशी मंडळी चिडून उठली, दंगा झाला, बाजार बंद पडले. आज मारण्याचा कायदा नाही. २०२३ च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला जेथून उचलले तेथेच सोडायचे असते. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, बस आगारे आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. कुत्रा चावण्याची भीती खरी आहे, आणि त्या आदेशाशी वाद घालण्याची ही जागा नव्हे. पण विचार करा: फटाक्यांना घाबरून पळालेला, पट्टा नसलेला आमच्या गल्लीतला कुत्रा स्टेशनच्या पुलाखाली जाऊन बसला, तर गाडीवाल्यांनी तो कोणाचा हे कशावरून ओळखावे? त्यातून कॅम्प ५ चे टोक अंबरनाथला भिडलेले. रस्ता ओलांडला की उल्हासनगर महानगरपालिका संपते आणि दुसरी हद्द सुरू होते. हे माणसाला पाटी वाचून कळते. कुत्र्याला कसे कळणार?

जगाने हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न केले आहेत. लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी नावाच्या बाईने हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर काढले. तेव्हा तिची टिंगल झाली. पुढे बॅटरसी येथे गेलेली ती संस्था आजही चालू आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण लोकांनी दावी कापून जनावरे सोडून दिली, हे आमच्याकडे वडीलधारी माणसे अजून सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टअखेर अमेरिकेत कतरिना वादळ आले. तेथे ‘कुत्र्याला सोडून येणार नाही’ म्हणून कित्येक माणसे बुडत्या घरात बसून राहिली. दुसऱ्याच वर्षी, २००६ साली, तेथे कायदा झाला की आपत्तीच्या नियोजनात पाळीव जनावरांचाही विचार व्हावा. म्हणजे जनावराची सोय ही माणसाच्या जिवाशी जोडलेली असते, हे त्यांना ठेच लागल्यावर समजले.

आता कोणी चीपचे नाव काढील. तांदळाच्या दाण्याएवढी चीप जनावराच्या कातडीखाली बसवतात. पण तिच्यात असतो तो फक्त एक क्रमांक. तो वाचायला यंत्र लागते, आणि त्या क्रमांकापुढे मालकाचे नाव कोठेतरी लिहिलेले असावे लागते. म्हणजे शेवटी वही आलीच! मग त्या वहीपासूनच सुरुवात का करू नये?

माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी वर्षाला १२० तास काम करतात. त्यांतले काही तास ‘हरवले-सापडले’ वहीसाठी द्यावेत. वहीला दोन बाजू असाव्यात: एकीकडे हरवलेली, दुसरीकडे सापडलेली जनावरे. तारीख, जागा, रंग, खुणा आणि संपर्क लिहावा. फाटकाजवळ एक फळा असावा आणि त्यावर मराठी, हिंदी व सिंधी या तिन्ही भाषांत मजकूर असावा. वर्णनातली एक खूण मात्र फळ्यावर लिहू नये. मालक म्हणून येणाऱ्याला ती विचारावी, म्हणजे लबाडाची डाळ शिजणार नाही. जनावर दाखवण्याआधी पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हेही फळ्यावर मोठ्या अक्षरांत असावे.

दवंडीसाठीही नवे काही लागत नाही. कचऱ्याची घंटागाडी रोज सकाळी गल्लीगल्लीतून फिरते, तिच्यावर भोंगा असतो. त्यावरून ‘तपकिरी कुत्रा हरवला आहे, अमुक बॅरेकीत कळवावे’ एवढे एक वाक्य सांगण्याची परवानगी प्राचार्यांनी महापालिकेकडे मागावी. दूधवाले, पेपरवाले आणि सफाई कामगार ही माणसे सगळ्या गल्ल्या ओळखतात. मोबाईलच्या ग्रुपपेक्षा त्यांचा निरोप लांब पोचतो, हे आजींच्या शेळीने सिद्ध केलेच आहे.

शोधणाऱ्यांसाठी दोन शब्द. हरवलेले मांजर बहुधा फार लांब जात नाही. भेदरून जवळच कोठेतरी, जिन्याखाली किंवा पत्र्यामागे, आवाज न करता बसते. रात्री सामसूम झाल्यावर बॅटरी घेऊन पाहावे. कुत्रा लांब जातो. तेव्हा त्याचा शोध पहिल्याच दिवशी चहूकडे घ्यावा. अनोळखी जनावराला धरायला मात्र झडप घालू नये. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठून लस घ्यावी. आणि ज्यांच्या घरी जनावर आहे, त्यांनी आजच त्याच्या गळ्यात कापडाची पट्टी बांधून तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने बॅरेक नंबर आणि फोन नंबर लिहावा. कापड काय, आमच्या कॅम्पात जीन्सच्या चिंध्या हव्या तेवढ्या मिळतात!

प्राध्यापक मंडळींना आणि मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की, या सूचनेवर नुसत्या टाळ्या नकोत, चर्चा व्हावी. वही कोणाच्या ताब्यात असावी, सुट्टीत ती कोण पाहील, सापडलेले जनावर दोन दिवस कोठे ठेवायचे, हे प्रश्न अवघड आहेत, आणि ते मला एकटीला सुटणारे नाहीत. परंतु मायेने पोसलेला जीव तीन गल्ल्यांच्या अंतरावर कायमचा परका व्हावा, एवढे आपले शहर मोठे नाही. शंभर पानी वहीला फार पैसे पडत नाहीत. पहिली वही मी आणून देते. पुढची पाने आपण सर्वांनी भरू या.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला