माहितीचा मालक कोण?

देवळीच्या कापूस उत्पादकाने मोबाइलवर बोंडअळीचा उपाय शोधावा आणि लागलीच कीटकनाशकाची जाहिरात त्याच्यापुढे उभी राहावी, याला ‘डेटा अ‍ॅनालिटिक्स’ असे गोंडस नाव आहे. शेतकऱ्याची अडचण हाच येथे विकाऊ माल! सावकाराची खातेवही निदान दिसत तरी असे.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले. ८,११० रुपयांचा हमीभाव कागदावर राहण्याचा धोका वाढला. ग्राहक म्हणून शेतकऱ्याचा माग काढणाऱ्या या यंत्रणेने उत्पादक म्हणून त्याला आवक, साठा, भाव का सांगू नयेत?

२०२३ चा विदासंरक्षण कायदा संमतीची भाषा बोलतो; पण गरजवंताच्या संमतीला स्वातंत्र्य कसले? ही माहिती शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या हाती यावी, हीच संघटित मागणी हवी.