हौस तुमची, मग पैसे कशाला?

परवा शनिवारी सकाळी मिसळ खाताना एका जुन्या मित्राशी चांगलंच वाजलं. कारण फुटकळ. मी एक लढाऊ विमान विकत घेतलं होतं. दचकू नका, सिम्युलेटरमधलं! डीसीएस वर्ल्ड नावाच्या सिम्युलेटरसाठीचं मिग-२१ बिस. किंमत साधारण पन्नास डॉलर. आकडा ऐकून पठ्ठ्याने हातातला पाव खाली ठेवला.

"एका गेममधल्या एका विमानाला चार हजार? वेडा आहेस का?"

इथपर्यंत ठीक होतं. वेडा तर मी आहेच :) पण पुढचं वाक्य डोक्यात गेलं. "अरे, हे बनवणारे हौशी लोक ना? हौस म्हणून करतात, मग पैसे कशाला मागतात? हार्ड डिस्क दे, कुठूनतरी क्रॅक मिळवून देतो."

बोलणारा कोण? पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनियर. शनिवारी क्लायंटचा कॉल आला तर कॉम्प-ऑफ मागणारा. तर मंडळी, आजचा लेख त्याच्यासाठी. आणि त्याच्यासारख्या आपल्या सगळ्यांसाठी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाईट सिम्युलेटर घेतलात की त्यासोबत काही विमानं येतात. बाकीची विमानं बाहेरचे लोक बनवतात. काही मोठ्या कंपन्या, पण बरेचसे दोन-चार जणांचे गट, आणि पुष्कळदा एकटा माणूस, दिवसभराची नोकरी सांभाळून. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी हा धंदा पंचवीसेक वर्षं तरी चालू आहे. २००९ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आपला एसेस स्टुडिओ बंद केला, तेव्हा एफएसएक्सला पुढची अकरा वर्षं, म्हणजे २०२० साली नवा सिम्युलेटर येईपर्यंत, जिवंत ठेवलं ते कुणी? याच बाहेरच्या लोकांनी.

आता 'हौस' या शब्दाचं ऑपरेशन करू.

एक लढाऊ विमान बनवायचं म्हणजे काय काय लागतं? आधी थ्रीडी मॉडेल. फोटो, जुनी रेखाचित्रं, म्युझियममधल्या विमानाची मापं, असं सगळं गोळा करून एकेक रिव्हेट बसवायची. मग टेक्श्चर. मग कॉकपिट, त्यातला प्रत्येक स्विच हलला पाहिजे. मग त्या स्विचमागची यंत्रणा. बॅटरी चालू नसेल तर पंप चालू होता कामा नये, पंप नसेल तर इंजिन पेटता कामा नये. हा सगळा कोड. आणि सगळ्यात अवघड म्हणजे फ्लाईट मॉडेल.

मिग-२१ चंच उदाहरण घ्या. त्रिकोणी डेल्टा पंख. वेगात असताना बाणासारखं जाणार, पण वेग कमी करून नाक वर घेतलंत की ड्रॅग एवढा वाढतो की विमान दगडासारखं खाली बसायला लागतं. शिवाय बिस मॉडेलमध्ये उतरताना इंजिनातली हवा फ्लॅप्सवरून फुंकायची सोय आहे. म्हणजे उतरताना घाबरून थ्रॉटल मागे ओढलात की फुंकर बंद, लिफ्ट कमी, आणि तुम्ही धावपट्टीच्या अलीकडे शेतात. हे सगळं गणितात बसवायचं, आणि तेही सेकंदाला अनेक वेळा, माझ्या गरीब लॅपटॉपवर!

हे काम 'हौस' म्हणून सुरू होतं हे खरंय. पण हौस हे काम सुरू करण्याचं कारण झालं, ते फुकट देण्याचं नव्हे. सवाई गंधर्वला गाणाऱ्यांनाही गाण्याची हौसच असते की. म्हणून आपण तिकीट न काढता कुंपणावरून उडी मारतो का?

थोडा हिशोब करू. समजा एका माणसाने दोन वर्षं, वर्षाचे पन्नास विकांत, प्रत्येक विकांताला दहा तास दिले. झाले १००० तास. तासाला फक्त ५०० रुपये धरा (तुमची कंपनी क्लायंटला तुमचा तास कितीला विकते ते आठवा आणि गप्प बसा). झाले पाच लाख. विमानाची किंमत ठेवली २००० रुपये, दुकानाने ३० टक्के कापले, हातात आले १४००. म्हणजे नुसती मजुरी सुटायला ३५८ प्रती खपायला हव्यात. त्यानंतर सिम्युलेटरचा प्रत्येक अपडेट आला की काहीतरी मोडणार, ते दुरुस्त करणं वेगळंच. आता बोला, कोण कुणाला लुटतंय?

"पण काही लोक फुकट देतात की!" हो, देतात. डीसीएससाठी ए-४ स्कायहॉक हौशी लोकांनी मोफत दिलंय, आणि काय दर्जा आहे! सुखोई-३० एमकेआयचं मोफत मॉडही आहे. फाल्कन ४.० हा १९९८ सालचा सिम्युलेटर स्वयंसेवकांनी फाल्कन बीएमएस या नावाने अजून जिवंत ठेवलाय, पैसे शून्य. पण त्यातही एक गंमत बघा. बीएमएस चालवायला मूळ फाल्कनची विकत घेतलेली प्रत लागते. फुकट देणारे सुद्धा सांगतात की बाबा रे, ज्याचं आहे त्याचे आधी दे. फुकट देणं हे देणाऱ्याचं दान झालं. ते घेणाऱ्याचा हक्क कधीपासून झालं?

आता कबुलीजबाब. नाहीतर म्हणाल, मोठा आला साव.

कॉलेजात असताना मीही हेच केलंय. होस्टेलमध्ये एक हार्ड डिस्क फिरायची, तिच्यात एफएसएक्सची विमानं ठासून भरलेली. त्यातलं एक जेट मला भयंकर आवडलं, पण त्याची अर्धी मीटरं कोरी दिसायची. दोन रात्री घालवल्या, जमेना. शेवटी मी काय करावं? सरळ बनवणाऱ्यालाच मेल टाकला! चोरीच्या मालाची तक्रार मालकाकडे. निर्लज्जपणाला सीमा असते, पण एकोणिसाव्या वर्षी ती दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोनच ओळी. पहिली अशी की व्हिज्युअल सी प्लस प्लसचं अमुक रनटाईम टाक, मीटरं दिसतील. दुसरी अशी की तुझ्याकडे ऑर्डर नंबर नाही हे मला कळलंय, नोकरी लागली की विकत घे.

मीटरं दिसली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या विमानामागचा माणूस दिसला. पहिला पगार आल्यावर मी ते विकत घेतलं. तोवर तो सिम्युलेटरच जुना झाला होता, इन्स्टॉलही केलं नाही. पण घेतलं. यात मोठेपणा काही नाही, उशिरा फेडलेली उधारी आहे.

आता नाशिकची गोष्ट. कारण माझा खरा राग इथे आहे.

आमच्या ओझरला १९६४ पासून एचएएलचा कारखाना आहे. मिग-२१ बनवण्यासाठीच तो उभा राहिला. इंजिनं कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा आमच्याकडे अशी वाटणी. मिग-२१ नंतर मिग-२७, मग सुखोई-३० एमकेआय. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथेच तेजस मार्क-१ए च्या नव्या असेंब्ली लाईनचं उद्घाटन झालं. या गावातल्या दोन पिढ्यांच्या हाताला लढाऊ विमानाच्या पत्र्याचा वास आहे. माझे मामा त्यातलेच एक, फिटर म्हणून निवृत्त झाले.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ ला हवाई दलात आलेलं विमान, बासष्ट वर्षांनी थांबलं. मामा टीव्हीवर बघत होते, काही बोलत नव्हते. मी लॅपटॉप आणि जॉयस्टिक त्यांच्यासमोर ठेवली, आणि डीसीएसमधलं मिग सुरू केलं. कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग बघून ते पुढे सरकले.

"रंग बरोबर आहे रे." मग बराच वेळ माऊसने इकडे तिकडे बघत राहिले. "हा स्विच इतका सहज वळत नाही. बोटाला लागायचा."

मग विचारलं, "कुणी केलंय हे? रशियन लोकांनी?"

"नाही मामा. एका हौशी माणसाच्या कामातून सुरू झालं, मग छोट्या गटाने पूर्ण करून २०१४ ला विकायला काढलं. सगळे युरोपाबिरोपातले."

"ओझरचं कुणी नाही त्यात?"

काय उत्तर देणार? नाही.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी एमबी-३३९, एफ-३५ वगैरे विकणारी 'इंडियाफॉक्सटेको' नावाची मंडळी आहेत. नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, वाटलं आपलं कुणीतरी! शोधलं तर इटलीची कंपनी. रेडिओवर 'आय' अक्षराला 'इंडिया' म्हणतात, तो हा इंडिया. खी खी.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, "अरे, हे संरक्षणाचं काम, गुप्त असतं!" मुद्दा खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. डीसीएस बनवणाऱ्या ईगल डायनॅमिक्सच्या एका कर्मचाऱ्याने एफ-१६ ची मॅन्युअल्स जालावर लिलावातून मिळवायचा उद्योग केला. अमेरिकेने त्याला जॉर्जियातून आणवून खटला भरला आणि २०१९ ला शिक्षा झाली. आपल्याकडे १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आहेच. तेव्हा तेजस किंवा सुखोईच्या रडारबद्दल कुणाला विचारूच नये, आणि कुणी सांगितलं तर कानात बोटं घालावीत. मामांना मी हे म्हटलं तर ते हसले. "काय सांगायचं नाही ते आम्हाला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे."

पण निवृत्त झालेलं, पन्नासच्या दशकात आखलेलं विमान? स्विच बोटाला लागायचा, कॅनॉपी बंद होताना कसा आवाज यायचा, उन्हाळ्यात हँगरमध्ये पत्रा किती तापायचा, यात कुठलं गुपित आलं? माझी मागणी साधी आहे. जे विमान कायमचं थांबलंय, त्याची ज्यात काही धोका उरलेला नाही अशी कागदपत्रं तपासून खुली करा. नाही केलीत तरी हौशी लोक त्यांच्या परीने बनवतीलच, फक्त आपल्या लोकांच्या आठवणींशिवाय. मामांच्या पिढीला सांगायला फार वर्षं राहिलेली नाहीत.

"विमान दुसऱ्या कंपनीचं, मग विकायचा हक्क कसा?" हाही प्रश्न येतो. परवानगी घेणं केव्हाही चांगलं. पण २०२० साली अमेरिकेत हमवी गाडीच्या कंपनीने एका गेम कंपनीवर केलेल्या दाव्यात कोर्टाने खेळातल्या वास्तवपणाला कलेचं मूल्य मानून गेम कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे हे सगळे चोर, असं सरसकट म्हणता येत नाही.

आता विकणाऱ्यांनाही दोन शब्द. पैसे घेतलेत की हौशीपणाचा आडोसा संपला. अर्धवट विमान 'अर्ली ॲक्सेस' म्हणून विकायचं आणि मग वर्षानुवर्षं गायब व्हायचं, हे चालणार नाही. आणि दुकान दुसऱ्याचं असेल तर धोका दोघांनाही. एप्रिल २०२४ मध्ये रॅझबॅम या गटाने जाहीर केलं की ईगल डायनॅमिक्सकडून पैसे आले नाहीत म्हणून डीसीएसचं काम थांबवतोय. ईगल डायनॅमिक्सने उलट कराराच्या उल्लंघनाचा आरोप केला. मधल्यामध्ये ज्यांनी एफ-१५ई विकत घेतलं होतं ते लटकले. तेव्हा घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, दोन परीक्षणं वाचावीत, सेलची वाट बघावी. महाग वाटलं तर घेऊ नये. न घेणं हा तुमचा हक्क आहे. चोरणं नाही.

असो. मिसळीवरच्या मित्राला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "ठीक आहे राव, पण मला विमानात इंटरेस्टच नाही." घ्या! एवढं रक्त आटवलं ते कशासाठी :)

पण एक काम मी सुरू केलंय. दर रविवारी दुपारी मामांकडे जातो आणि त्यांच्या गुपित नसलेल्या आठवणी रेकॉर्ड करतो. रात्री ब्लेंडर उघडून मिग-२१ एफएलचं, म्हणजे ओझरला पहिल्यांदा बनलेल्या मॉडेलचं, कॉकपिट काढायला बसतो. आत्तापर्यंत एक सीट आणि अडीच मीटरं झालीत. या वेगाने दहा वर्षं लागतील. सोबतीला कुणी नाशिककर असेल, मॉडेलिंग येत असेल किंवा घरात ओझरचं कुणी असेल, तर कळवा.

आणि हो, तयार झालं की मी ते विकणार आहे. आत्ताच सांगून ठेवतो. विकत घ्या.