पाऊस कधी संपणार?



पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नावाचा देश आहे आणि त्यात काफ्रीन नावाचा विभाग. भुईमूग आणि बाजरीचा हा मुलूख. शेती जवळजवळ सगळी जून ते ऑक्टोबरच्या पावसावर. २०११ साली तिथे हवामान खात्याचे शास्त्रज्ञ आणि गावोगावचे शेतकरी एकत्र बसले. शेतकऱ्यांना नेमकी कोणती माहिती उपयोगी पडेल, हे समजून घ्यायचं होतं. पुरुषांना हवं होतं ते आपण कुणीही ओळखू : पाऊस कधी सुरू होणार? बायकांचा प्रश्न मात्र निराळा निघाला. त्यांना पाऊस कधी संपणार हे हवं होतं.

हा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबून पुन्हा वाचला. एकाच घरातली, एकाच आभाळाखाली राबणारी दोन माणसं. तरी प्रश्न दोन. कारण अगदी साधं आहे. घोड्याने ओढायची पाभर पुरुषाच्या ताब्यात. आधी घरच्या मोठ्या शेताची पेरणी होणार, त्यात बाई राबणार. ते उरकलं की मग पाभर मोकळी होणार आणि तिच्या वाट्याच्या तुकड्याचा नंबर लागणार. तोवर पहिला पाऊस येऊन गेलेला. पाऊस कधी सुरू होणार हे तिला कळलं काय नि न कळलं काय, त्या दिवशी ती आपली पेरणी करूच शकत नाही. तिचं पीक हाती लागणार की नाही हे ठरतं शेवटच्या पावसावर.

पुढच्या वर्षांत सेनेगलच्या हवामान खात्याने तिथल्या सामुदायिक रेडिओ केंद्रांच्या संघटनेशी हातमिळवणी केली. ऐंशीहून अधिक लहान लहान केंद्रं लोकांच्या भाषांतून पावसाचे अंदाज सांगू लागली. हे काम मोलाचंच आहे. साहेल पट्ट्याने १९७० आणि ८०च्या दशकांतले भीषण दुष्काळ सोसलेत. आता तापमानवाढीने पावसाचा उरलासुरला भरवसाही हलतो आहे. ज्यांनी हा धूर सोडला नाही, त्यांच्याच शेतात त्याची झळ आधी पोचली आहे. वर्तमानपत्र पोचत नाही, पोचलं तरी ते फ्रेंच किंवा इंग्रजीत, आणि वाचता येणाऱ्या बायका थोड्या. अशा ठिकाणी रेडिओला पर्याय नाही. १९९०च्या दशकात किल्ली फिरवून चालणारे रेडिओ आले, पुढे सौरऊर्जेवरचे आले, त्यामुळे सेलचाही खर्च वाचला. मदत देणाऱ्या संस्थांना तर रेडिओ फार आवडतो. किती वाटले ते मोजता येतं ना!

पण रेडिओ वाटले म्हणजे माहिती पोचली, असं आहे का? शेजारच्या माली देशाची हकीकत यासाठी मुद्दाम सांगते. १९८२पासून मालीचं हवामान खातं शेतकऱ्यांना पेरणीचा सल्ला देत आलं आहे. गावांत साधे पर्जन्यमापक दिले. किती पाऊस झाला की कोणतं वाण पेरायचं याची कोष्टकं दिली, दर दहा दिवसांनी परिस्थितीचा आढावा आणि तो बांबारा आणि इतर भाषांतून रेडिओवर. जगभर या उपक्रमाचं कौतुक झालं आणि ते अस्थानी नव्हतं. तीसेक वर्षांनी, २०१४च्या सुमारास, अमेरिकी सरकारच्या मदतीने काही अभ्यासक मालीतल्या गावांमध्ये गेले आणि या सल्ल्याचा वापर प्रत्यक्षात कोण करतं ते त्यांनी पाहिलं. वापर करणारे मुख्यतः वयाने मोठे, बैल-नांगर बाळगून असलेले, घरात ज्यांचा शब्द चालतो असे पुरुष होते. तरुण पुरुषसुद्धा थोडे. बायका तर नावापुरत्याच.

बायकांनी तो कार्यक्रम ऐकला नव्हता किंवा त्यांना तो समजला नव्हता, असं कारण आपल्याकडे पटकन दिलं जातं. इथे त्याची गरजच नाही. सल्ला होता ‘आता पेरा’ असा. कधी पेरायचं हे जिच्या हातात नाही, तिने तो ऐकून करायचं काय? समाजकार्याचं शिक्षण घेताना ‘शेवटच्या माणसापर्यंत पोचणं’ हे शब्द मी इतक्यांदा लिहिले, की परीक्षेत ते हात आपोआप लिहीत असे. माणूस म्हणजे कोण, आणि पोचल्यावर त्याच्या हाती काय असतं, हे प्रश्न मात्र त्या उत्तरपत्रिकेत कधी आले नाहीत.

आणखी एक गोष्ट अंदाजाच्या भाषेची. १९९०च्या दशकाच्या शेवटापासून आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांत हंगामापूर्वी हवामानतज्ज्ञांच्या परिषदा भरतात. तिथून निघणारा अंदाज असा असतो : पाऊस सरासरीपेक्षा जास्त होण्याची शक्यता अमुक टक्के, सरासरीइतका होण्याची अमुक, कमी होण्याची अमुक. तीन भाग, तीन आकडे. हे निवेदकाने वोलोफ किंवा बांबारात सांगताना ‘यंदा पाऊस चांगला’ एवढंच उरलं, तर उधारीने बियाणं घेतलेल्या बाईचा घात होतो. म्हणून निवेदकांना नुसता कागद देऊन भागत नाही. त्यांना शास्त्रज्ञाला उलटप्रश्न करता आला पाहिजे, आणि ऐकणारीला निवेदकाला.

हा उलटा रस्ता आफ्रिकेतल्या बायकांनीच काढून दाखवला आहे. झिंबाब्वेत १९८०च्या दशकात तिथल्या पत्रकार स्त्रियांच्या संघटनेने खेड्यांत बायकांची श्रोतामंडळं उभी केली. त्यांच्या हाती रेडिओबरोबर टेपरेकॉर्डर दिला. बायका एकत्र बसून आपल्या अडचणी बोलायच्या, ते ध्वनिमुद्रित व्हायचं, कॅसेट राजधानीत जायची, संबंधित अधिकाऱ्याला ती ऐकवून त्याचं उत्तर घेतलं जायचं आणि दोन्ही मिळून रेडिओवर लागायचं. म्हणजे आधी बाई बोलणार आणि मग साहेब. हा क्रम मला त्यातल्या यंत्रांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

नायजर आणि काँगोमध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ‘दिमित्रा’ मंडळांनी पुढे तेच सूत्र धरलं. रेडिओ एका घराला न देता मंडळाला दिला. त्यामुळे तो नवऱ्याच्या खाटेशी अडकून पडला नाही. नायजरमधल्या बानिझुम्बू गावच्या बायका पडीक जमीन सुधारायच्या आणि ती पिकती झाली की मालक ती काढून घ्यायचे. मंडळात हा विषय निघाला, बोलणी झाली, आणि बायकांना ३ हेक्टर जमीन ९९ वर्षांच्या कराराने मिळाली. ही हवामानाची माहिती नव्हे, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, हवामानाच्या माहितीला अर्थ आला तो इथे. आता ‘पेरा’ म्हटल्यावर पेरायला जागा आहे.

आपलाही या गोष्टीत एक जुना धागा आहे. कॅनडातल्या शेतकरी श्रोतामंडळांच्या धर्तीवर १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्कोने पुणे केंद्रावरून दीडशे गावांत रेडिओ ग्राममंच चालवले. ऐका, चर्चा करा, कृती करा, ही त्यांची रीत. १९६४-६५मध्ये युनेस्कोने तसाच प्रयोग घानात केला. आज म्हसवडला माणदेशी तरंग आहे, तेलंगणात माचनूरला दलित बायकांनी चालवलेला संघम रेडिओ आहे. पण आपल्याकडचा पावसाचा संदेश अजून बहुतेक घरांत ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्याच मोबाइलवर येतो.

हे संपादकीय डोक्यात घोळत असताना सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. काफ्रीनची गोष्ट सांगितली आणि विचारलं, हवामान खात्याला एकच प्रश्न विचारायचा तर काय विचाराल? बराच वेळ कुणी बोलेना. मग एक म्हातारी म्हणाली, ‘‘पाऊस कवा येनार ते मालक ऐकतोय की. आमाला खुरपायला उघडीप कवा हाय, ते सांगा. रोज बुडतोय बाई.’’ दुसरीने विचारलं, ऊसतोडीला गेल्यावर कोपीवर अवकाळी येणार असला तर ते कुणाच्या फोनवर येतं? मुकादमाच्या?

दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले आहेत. तुमच्या गटात हे विचारून पाहा आणि बायका जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत पाठवा. सगळे प्रश्न एकत्र करून हवामान खात्याकडे आणि जवळच्या रेडिओ केंद्रांकडे न्यायचे आहेत, मृग निघायच्या आत.