‘फॉन्ट टाकून घ्या, म्हणजे दिसेल!’

कोल्हापुरात मेलवर मराठी वर्डफाईल मागवली की हे उत्तर अजूनही ऐकू येतं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ओळखीपाळखीतल्या अशा फाईली माझ्याकडेच येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर, सोसायटीची नोटीस, तालमीची स्मरणिका. मोबाईलवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. वर पाठवणारा म्हणतो, ‘आमच्याकडं नीट दिसतंय, तुमच्याच मोबाईलचा घोळ आहे.’

नाही. मोबाईल खरं तेच दाखवतोय. कृतीदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाईप केलं की फाईलमध्ये ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं साठतात. फॉन्ट फक्त त्यांना म, र, काना, ठ आणि वेलांटीचं सोंग देतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. थोडक्यात, त्या फाईलमध्ये मराठी कधी नव्हतीच.

युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले १९९१ साली. तुमचा-माझा फोन तेच क्रमांक वाचतो.

‘मग पीडीएफ पाठवतो’ ही तर निव्वळ मलमपट्टी. दिसायला छान, पण त्यात ‘कोल्हापूर’ शोधा, सापडत नाही. कॉपी करा, पुन्हा खिचडी. अंध वाचकाचं स्क्रीन रीडर त्यातून अर्थहीन इंग्रजी अक्षरं वाचत बसतं. असे अंक वर्षानुवर्षं जपले तरी शोधणाऱ्याच्या लेखी ते कोरेच.

डीटीपीवाल्यांच्या हाताचा वेग मला मान्य आहे. पण टाईपरायटरची कळमांडणी वेगळी आणि जुना फॉन्ट वेगळा. तीच रेमिंग्टन मांडणी ठेवून युनिकोडमध्ये टाईप करता येतं. पेजमेकरला युनिकोड मराठी झेपत नव्हती, ही अडचण खरी होती. इनडिझाईनमध्ये ती कधीच सुटली. आता उरलीय ती फक्त सवय.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ज्या भाषेचा अभिमान स्टेटसवर मिरवतो, तिची साधी नोटीस फोनवर वाचता येत नसेल तर त्या दर्जाचं करायचं काय?

म्हणून पुढच्या वेळी अशी फाईल आली तर गुमान फॉन्ट शोधत बसू नका. कन्व्हर्टरमधून काढा, रफार आणि पहिली वेलांटी जागेवर आहे का बघा, आणि फाईल परत पाठवताना एक ओळ लिहा: ‘इथून पुढं युनिकोडमध्येच पाठवा.’ राग आला तर येऊ दे.