नकाराची मुदत : 30 दिवस

इन्स्टाग्रामवरील 'सुचवलेल्या' पोस्ट नको असतील, तर त्या थांबवण्याची सोय आहे. पण ती 30 दिवसांपुरतीच. महिना सरला की वाचकाचा नकार आपोआप रद्द होतो. त्याच्या इच्छेची किंमत या व्यवस्थेत काय आहे, हे एवढ्यावरूनच उमगावे.

यावर ठरलेला युक्तिवाद असा की, संपादकही वाचकाला न विचारताच मजकूर निवडत आला आहे. हे साम्य फसवे आहे. संपादकाला नाव असते, पत्ता असतो आणि मुख्य म्हणजे वाङ्मयीन भूमिका असते. म्हणूनच त्याच्याशी भांडता येते. 1969 साली तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली, ती अशाच एका भूमिकेविरुद्ध. अल्गोरिदमला भूमिका नसते. आपण पडद्यापाशी किती रेंगाळलो, हे तो मोजतो. संतापून रेंगाळलो की रसिकतेने, याचे त्याला सोयरसुतक नाही. इथे होळी करायची ती कशाची?

'नको' असे पोस्टगणिक कळवत राहणे हा उपाय नव्हे, ती वेठ आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने अतिविशाल व्यासपीठांवर, व्यक्तीच्या प्रोफाइलवर न बेतलेला किमान एक पर्याय देण्याचे बंधन 2023पासून घातले. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, इच्छेची होती. काय वाचू नये हे ठरवण्याचा अधिकार वाचनाचाच भाग आहे. साहित्याच्या अध्यापकांनी तरी तो कायमस्वरूपी मागायला हवा, महिन्याच्या बोलीवर नव्हे.