विश्लेषण : लिनक्सचे पॅकेज बनवताना ‘७७७’ का नको?

‘अरे, ट्रिपल सेव्हन देऊन टाक, चालेल!’ प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री हे वाक्य ऐकले नाही, असा कम्प्युटर इंजिनीअरिंगचा विद्यार्थी सापडणे कठीण. आम्ही ते ऐकले आणि तसे केलेही. लॅबमधील हजेरी नोंदवणारे छोटेसे सॉफ्टवेअर आम्ही तिघांनी बनवले होते आणि लॅबच्या सगळ्या मशिनवर पटकन टाकता यावे म्हणून त्याचे उबंटूसाठीचे ‘डेब’ पॅकेज केले होते. पंधरा दिवसांत दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या लक्षात आले, की हजेरीची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते आणि सेव्हही होते. त्याची हजेरी अचानक सुधारली!

सरांनी बोलावले, पण ओरडले नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘रोज रात्री रिपोर्ट काढणारी स्क्रिप्ट कोणाच्या नावाने चालते?’’ ‘‘रूटच्या, सर.’’ ‘‘आणि ती कोण बदलू शकतो?’’ आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. कारण उत्तर होते : कोणीही. हजेरी बदलणे किरकोळ होते. त्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली असती, तर रात्री ती ओळ मशिनच्या सर्वोच्च अधिकाराने चालली असती.

हे तीन आकडे सांगतात काय?

लिनक्समधील प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले सगळे ‘इतर’. प्रत्येकासाठी तीन परवानग्या : वाचणे, लिहिणे, चालवणे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. त्यांची बेरीज म्हणजे एक आकडा. म्हणून ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी फक्त वाचावे. सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखे : सेक्रेटरी लिहितो, सगळे वाचतात. ७५५ मध्ये चालवण्याचा हक्क सगळ्यांना मिळतो, म्हणून प्रोग्रॅमला ७५५. आणि ७७७ म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही बोर्डावर काहीही लिहावे, आधीचे पुसावे.

तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर हीच व्यवस्था आत्ता तुमच्या हातात चालू आहे. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे. तिथे प्रत्येक अ‍ॅपला वेगळा ‘युजर’ मानले जाते. त्यामुळे एखादे गेम तुमच्या बँकेच्या अ‍ॅपची खासगी फाइल सरळ उघडू शकत नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकी व्याख्येत निसटते. फोल्डरच्या बाबतीत या परवानग्यांचा अर्थ बदलतो. फोल्डरवर ‘चालवणे’ म्हणजे आत शिरण्याचा हक्क आणि ‘लिहिणे’ म्हणजे आतल्या फाइली काढण्याचा, नाव बदलण्याचा, नव्या ठेवण्याचा हक्क. फाइल तुमची नसली तरीही! नोटीस बोर्डावर लिहिण्याचा हक्क वॉचमनला नाही, पण अख्खा बोर्ड खिळ्यावरून काढून तिथे दुसरा टांगण्याचा आहे, अशी ही गंमत. पुढचे उदाहरण याच गमतीचे आहे.

प्रोग्रॅम निर्दोष, पॅकेज सदोष

एनजिनएक्स हे जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरपैकी एक. २०१६ मध्ये डेबियन आणि उबंटूवरील त्याच्या पॅकेजमध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली. तिची नोंद सीव्हीई-२०१६-१२४७ या क्रमांकाने आहे आणि ती शोधली डेव्हिड गोलुन्स्की या सुरक्षा संशोधकाने. दोष एनजिनएक्सच्या मूळ प्रोग्रॅममध्ये नव्हता. पॅकेज इन्स्टॉल होताना लॉगसाठी जे फोल्डर तयार होत होते, त्याची मालकी वेब सर्व्हरच्या साध्या युजरकडे दिली जात होती. एवढेच.

या ‘एवढ्याच’चा परिणाम बघा. समजा, एखाद्या कच्च्या वेबसाइटमधून हल्लेखोर सर्व्हरमध्ये शिरला. त्याच्याकडे वेब सर्व्हरच्या युजरचे अधिकार आहेत, म्हणजे फारसे काही नाही. पण लॉगचे फोल्डर त्याचे आहे. तो एररची लॉग फाइल काढून टाकतो आणि तिच्या जागी त्याच नावाची एक लिंक ठेवतो. ही लिंक सिस्टीमच्या एका नाजूक फाइलकडे बोट दाखवते. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होण्याआधी कोणती लायब्ररी चढवायची, हे त्या फाइलमध्ये लिहिलेले असते. मग तो नुसता वाट बघतो. डेबियनवर रोजची कामे ठरल्याप्रमाणे सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी सुरू होतात. तेव्हा त्यात जुने लॉग बाजूला केले जात आणि एनजिनएक्सला नवे लॉग उघडण्याचा इशारा जाई. रूटच्या अधिकाराने चालणारी त्याची मुख्य प्रक्रिया इमानेइतबारे ‘लॉग’ उघडते, म्हणजे प्रत्यक्षात ती नाजूक फाइल तयार करते आणि तिची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला देते. हल्लेखोर त्या फाइलमध्ये आपल्या लायब्ररीचे नाव लिहितो आणि मशिन त्याचे होते.

दुरुस्ती काय होती? फोल्डरची मालकी रूटकडे ठेवणे. ज्यांनी ते पॅकेज बनवले ते नवखे नव्हते, वर्षानुवर्षे हेच काम करणारे होते. म्हणून आमच्यासारख्यांनी हा विषय ‘नंतर बघू’ यादीत टाकणे मला धोक्याचे वाटते. पॅकेज इन्स्टॉल करताना माणूस ‘सुडो’ लिहून पासवर्ड टाकतो, तेव्हा तो आपल्या घराची किल्ली तुमच्या हाती देत असतो. आत गेल्यावर कोणता दरवाजा उघडा ठेवायचा, हे तो ठरवत नाही. ते तुम्ही ठरवलेले असते, तेही कित्येक दिवस आधी, तुमच्या लॅपटॉपवर.

तुमच्या लॅपटॉपच्या सवयी दुसऱ्याच्या घरात

खरी अडचण इथेच आहे. पॅकेजमध्ये फाइलसोबत तिची परवानगी आणि मालकही भरला जातो, आणि आपण वेगळे काही सांगितले नाही तर आपल्या मशिनवर जे असेल तेच जाते. नव्या फाइलला कोणती परवानगी मिळावी हे ‘यूमास्क’ नावाच्या सेटिंगवर ठरते आणि ते प्रत्येकाचे वेगळे असू शकते. ०२२ असेल तर फाइल ६४४ होते, ०७७ असेल तर ६००. म्हणजे एकाच कोडपासून दोघांनी पॅकेज बनवले, तर एकाचे सगळ्यांसाठी चालेल आणि दुसऱ्याचे फक्त रूटसाठी. ‘गिट’मध्ये कोड ठेवला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गिट फाइलबाबत फक्त ‘चालवता येते की नाही’ एवढेच लक्षात ठेवते, बाकी परवानग्या नाही.

मालकीचे तर त्याहून फसवे. उबंटू किंवा डेबियनवर पहिल्या युजरचा क्रमांक १००० असतो. तुम्ही घाईत पॅकेज बांधले आणि फाइलींचा मालक म्हणून तुम्हीच राहिलात, तर समोरच्या मशिनवर तुमचे नाव नसले की तो क्रमांक लागू होतो. तिथला पहिला युजर, मग तो कोणी का असेना, पासवर्ड न टाकता तो प्रोग्रॅम बदलू शकतो. यासाठी ‘फेकरूट’ हे साधन आहे. डीपीकेजीच्या नव्या आवृत्त्यांत ‘रूट-ओनर-ग्रुप’ हा पर्यायही आहे, जो सगळ्या फाइलींचा मालक रूट करून टाकतो.

विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल वापरून पॅकेज बनवणाऱ्यांची वेगळीच कथा. सी ड्राइव्हमधली प्रत्येक फाइल तिथे सहसा ७७७ दिसते. त्यामुळे पॅकेज बांधायला घेतले की ‘कंट्रोल’ फोल्डरची परवानगी ७७७ आहे, ती ०७५५ ते ०७७५ मध्ये हवी, असा एरर येतो. कित्येकांना हा एरर म्हणजे छळ वाटतो. मला तो उपकार वाटतो. सीएचमॉड कमांड कितीही वेळा चालवली तरी आकडा हलत नाही, कारण ती ड्राइव्हच विंडोजची. सगळे फोल्डर लिनक्सच्या होम डिरेक्टरीत हलवा, प्रश्न मिटतो. मात्र डीपीकेजी ही तपासणी फक्त कंट्रोलचे फोल्डर आणि इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टची करतो. तुमच्या प्रोग्रॅमच्या फाइली कशाही असोत, तो निमूट भरून घेतो.

मग नेमके करायचे काय?

बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये फाइल नुसती कॉपी करू नका. ‘इन्स्टॉल’ नावाची साधी कमांड वापरा, तिला फाइल ठेवतानाच आकडा सांगता येतो. डेबियनची पूर्ण पद्धत वापरत असाल तर ‘डीएच-फिक्सपर्म्स’ बऱ्याच गोष्टी आपोआप सरळ करतो आणि ‘लिंटियन’ चुका दाखवतो. फेडोरा, रेड हॅटच्या आरपीएममध्ये स्पेक फाइलच्या ‘फाइल्स’ विभागात ‘अ‍ॅटर’ लिहून परवानगी, मालक आणि गट ठरवता येतो. तिथे आपल्या फाइलींसोबत सिस्टीमचे मूळ फोल्डरही चुकून यादीत घालणारे खूप आहेत. मग ‘फाइलसिस्टीम’ पॅकेजशी संघर्ष झाल्याचा एरर येतो आणि लोक जबरदस्तीने इन्स्टॉल करायचा पर्याय शोधू लागतात. तो शोधू नका, यादी दुरुस्त करा.

पासवर्ड असलेली फाइल ६४० आणि तिचा गट फक्त त्या सर्व्हिसचा. खरा पासवर्ड पॅकेजमध्ये भरायचाच नाही, कारण पॅकेज कोणीही उघडून बघू शकतो.

आणि चौथा आकडा? ४७५५ मधला पुढचा ४ म्हणजे प्रोग्रॅम कोणीही चालवो, तो मालकाच्या अधिकाराने चालेल. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये शोधलेल्या या कल्पनेला १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंटही मिळाले. पासवर्ड बदलण्याच्या कमांडला त्याची गरज असते. तुमच्या पॅकेजला बहुधा नसते. २००९ पासून ‘पीकेएक्झेक’ या प्रोग्रॅममध्ये दडलेली चूक क्वॉलिस कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केली, तेव्हा पॅच येईपर्यंतचा तात्पुरता उपाय हाच होता, की त्याच्या परवानगीतला पुढचा ४ काढून टाका.

७७७ ला एक सन्मान्य अपवाद आहे : तात्पुरत्या फाइलींचे ‘टेंप’ फोल्डर. पण तिथेही पुढे १ लावलेला असतो, १७७७. त्यामुळे तिथे ठेवू कोणीही शकतो, पण दुसऱ्याची फाइल उचलू शकत नाही.

पॅकेज कुणाला पाठवण्याआधी डीपीकेजीला ‘वजा छोटा सी’ लावून यादी काढा. प्रत्येक फाइलपुढे परवानगी आणि मालक छापून येतो. मालकाच्या जागी स्वतःचे नाव दिसले तर थांबा. मग कोऱ्या व्हर्च्युअल मशिनवर ते इन्स्टॉल करून साध्या युजरच्या लॉगिनमधून चालवा आणि त्याच लॉगिनमधून ते बिघडवण्याचा प्रयत्न करा. आम्ही दुसऱ्या खेपेला हे केले. प्रोग्रॅम ७५५, बाकी फाइली ६४४, हजेरी लिहिणारा भाग वेगळी सर्व्हिस, तिला स्वतंत्र युजर आणि त्याचे फोल्डर ७५०. रात्रीची स्क्रिप्टही रूटऐवजी त्याच युजरच्या नावाने. चाचणीसाठी आम्ही त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाच बसवले. त्याने तासभर झटापट केली आणि त्याला फक्त ‘परमिशन डिनाइड’ दिसत राहिले.